हँडब्रेक गोठला, लिव्हर खाली आहे पण मागचं चाक सुटत नाहीये

उशीर_झाला · सोमवार, सकाळी ७:४२

मंडळी घाईत टाईप करतोय, चुका पोटात घाला. काल रात्री ओल्या बर्फातून गाडी आणली, रस्त्यावर बर्फ पाणी चिखल असा सगळा रेंदा होता, आणून लावली आणि सवयीने हँडब्रेक टकटकटक शेवटपर्यंत ओढून झोपायला गेलो. रात्री पारा उणे ७. सकाळी गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली, लिव्हर खाली केला, डॅशबोर्डवरचा लाल दिवापण विझला, म्हटलं चला निघू. क्लच सोडला तर पुढे जायच्या ऐवजी गाडी मागून खाली बसली, म्हणजे अक्षरशः बूड टेकल्यासारखी, आणि इंजिन बंद. परत चालू करून जरा जास्त रेस दिली तर दोनेक फूट घसरत गेली आणि मागे बर्फात एकाच बाजूला लांब रेघ उमटली, डाव्या चाकाची. उजवं फिरलंय, डावं ढिम्म.

अजून एक, लिव्हर आता वर ओढला की पहिले चार-पाच खटके हाताला काही लागतच नाही, एरवी दुसऱ्या खटक्यालाच ताण येतो.

पुढच्या चाकांना ओढ असलेली गाडी, मॅन्युअल गिअर, मागे ड्रम ब्रेक, आठ वर्षं जुनी. जोर लावून ओढून काढू का? नऊला ऑफिस गाठायचंय.

मागचा_सीट · ७:४८

थांबा, रेस देऊ नका. खाली बर्फ आहे म्हणून नुसती घसरली, कोरड्या डांबरावर टायरची एक बाजू घासून सपाट झाली असती. आपले दहाबाराचा_पाना येतील आत्ता, तोवर दम धरा.

निवांत · ७:५१

एवढं काय त्यात! केटलभर उकळतं पाणी घ्या आणि ओता चाकावर, दोन मिनिटांत मोकळं. मी तर कायम हेच करतो.

दहाबाराचा_पाना · ८:०३

निवांतराव, दर हिवाळ्यात तुम्ही हे लिहिता आणि दर हिवाळ्यात मी तुम्हाला नको म्हणतो. उणे ७ ला ओतलेलं पाणी जातं कुठे? निम्मं ड्रमच्या फटीतून आत, निम्मं टायरखाली. गाडी लगेच काढून ब्रेक वाळवले नाहीत तर तेच पाणी थोड्या वेळात गोठतं आणि आधी एक थर होता तिथे दोन होतात. ड्रम आणि डिस्क असतात बिडाच्या, बर्फासारख्या गार बिडावर एकदम उकळतं पाणी पडलं तर तडा जायची किंवा वाकायची भीती. आणि तुम्ही उभे असता तिथे जमिनीवर काच तयार होते ती वेगळीच.

आता उशीरराव, तुमचं. लाल दिवा विझला याचा अर्थ लिव्हर खाली गेला, बस्स. त्या दिव्याचा स्विच लिव्हरच्या बुडाशी असतो, मागे चाकात काय चाललंय ते त्याला ठाऊक नसतं. ब्रेक लागून राहिलेला असताना दिवा गेलेला असू शकतो, आणि इथेच लोक फसतात.

ड्रमवाल्या गाडीत बर्फ दोन ठिकाणी धरतो. एक तर ड्रमच्या आत, लायनर (म्हणजे ड्रमला आतून दाबून चाक थांबवणारी पट्टी) आणि ड्रमची भिंत यांच्यामध्ये. किंवा केबलमध्ये. केबल म्हणजे बाहेरून एक नळी आणि आत तारेचा पीळ, लिव्हर ओढला की पीळ नळीतून सरकतो, सोडला की चाकाकडची स्प्रिंग त्याला परत मागे खेचते. नळीत पाणी शिरून गोठलं की पीळ ओढलेल्या जागीच अडकून बसतो, तुम्ही लिव्हर खाली केला तरी मागचं टोक हलत नाही, आणि मधली तार लिव्हरकडे ढिली पडते. तुम्ही ते चार-पाच खटके रिकामे जातात म्हणालात ना, त्यावरून मला केबलचा वास येतोय. पण आधी सोपं ते करून बघा.

गाडी बंद करा, पहिल्या गिअरमध्ये टाका, आणि पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी ठोकळा नाहीतर दगड लावा. हे आधी!! कारण ब्रेक सुटेल तेव्हा सांगून सुटणार नाही. गाडीखाली झोपायचं नाही, बाजूने हात घालायचा फक्त. मग लिव्हर दहा-पंधरा वेळा वरखाली करा, पूर्ण ओढायचा आणि पूर्ण सोडायचा. घरातल्या कुणाला ते करायला बसवलंत आणि तुम्ही टॉर्च घेऊन चाकामागे बघितलंत तर अजून बरं, ड्रमच्या मागच्या पत्र्यात केबल जिथून आत शिरते तिथे तार हलतेय का तेवढं बघा. हलत असेल आणि चाक तरी धरलेलं असेल तर बर्फ ड्रममध्ये आहे. हलतच नसेल तर केबलमध्ये.

ड्रममध्ये असेल तर लाकडी ठोकळा ड्रमला टेकवून त्यावर हातोडीने ठक ठक, फार जोर नाही. चाकाच्या बोल्टवर मारू नका आणि ड्रमच्या कडेवरही नको, बीड कडेला ठिसूळ असतं. मग ठोकळे काढून आत बसा आणि गाडी हळूच पुढे, हळूच मागे, रिव्हर्स आणि पहिला आलटून पालटून, क्लच अर्धाच सोडायचा. बर्फाचा थर तुटतो तेव्हा कट्ट असा स्पष्ट आवाज येतो. दोन-चार झोक्यांत नाही आला तर थांबा.

केबलमध्ये असेल तर ठोकून काही उपयोग नाही, ऊब द्यावी लागते. केस वाळवायचं मशीन, लांब वायर, आणि सबुरी.

रिकामटेकडी · ८:०९

आणि ऑफिसला फोन करा दादा, सबुरीत ते पण येतं.

उशीर_झाला · ८:४६

अपडेट. बायकोला लिव्हरवर बसवलं, मी टॉर्च घेऊन मागे. उजव्या बाजूची तार छान आतबाहेर करतेय, डाव्या बाजूची मेल्यासारखी. ज्या रबरी टोपणातून ती आत जाते ते टोपण बोटाने दाबलं तर कडक लागलं, आत बर्फ भरल्यासारखं, आणि खालच्या बाजूला एक चीर दिसतेय. तरी मनाच्या समाधानासाठी ड्रम ठोकला. काही नाही.

आता ड्रायर लावून बसलोय. हाताची बोटं गेलीत, उरलेल्या एका बोटाने टाईप करतोय.

दहाबाराचा_पाना · ८:५२

बरोबर जागी आहात. ड्रायर एका जागी धरून ठेवू नका, टोपणापासून सुरू करून केबलच्या कडेने वीतभर मागेपुढे फिरवत राहा. शेजारून ब्रेकची रबरी नळी जाते आणि एबीएसची वायर जाते, त्यांना भाजायचं नाहीये. दर दोन-तीन मिनिटांनी लिव्हर मारायला सांगा. वितळलेलं पाणी खाली ठिबकेल, त्यातच तुमचा ड्रायर आणि वायरचा जोड पडणार नाही एवढं बघा.

हे वाचून कुणाला गॅसचा टॉर्च किंवा काकडा पेटवायची बुद्धी होऊ नये म्हणून आत्ताच लिहितो, चाकाजवळ उघडी आग अजिबात नाही. आणि गाडी गॅरेजमध्ये असेल तर शटर बंद करून इंजिन चालू ठेवून "गरम होईल" म्हणून बसू नका, इंजिनची ऊब मागच्या चाकापर्यंत पोचत नाही आणि धुरातला कार्बन मोनॉक्साईड मात्र तुमच्यापर्यंत पोचतो. त्याला वासही नसतो.

उशीर_झाला · ९:१७

सुटलं!!!

साधारण वीस मिनिटं लागली. आधी थेंब थेंब गढूळ पाणी, लालसर, मग बायको म्हणाली लिव्हर जड झाला, आणि मला समोर तार झटक्याने मागे गेलेली दिसली. चाक हाताने हलवून बघितलं, मोकळं. निघतोय. सगळ्यांचे आभार, संध्याकाळी सविस्तर बोलू.

लांबपल्ला · ९:२४

निघताना एक करा. पन्नास मीटरवर थांबून कुणाला तरी बाहेरून बघायला सांगा मागची दोन्ही चाकं फिरतायत का. कुणी नसेल तर खाली उतरून मागे वळून टायरची खूण बघा, नक्षी उमटली असेल तर चाक फिरलं, गुळगुळीत पट्टा असेल तर घसरत आलं. बर्फावर पुढच्या चाकांची गाडी मागची अडकलेली चाकं आरामात ओढत नेते, आत बसलेल्याला पत्ता लागत नाही. पुढे कोरडा रस्ता लागला की मग वास, धूर, आणि टायर बाद.

उशीर_झाला · दुपारी १:०५

केलं ते. दोन्हीकडे नक्षी. ऑफिसला पोचल्यावर मागच्या दोन्ही रिमजवळ हात नेऊन बघितला, दोन्ही सारखेच कोमट, म्हणजे कुठे घासत नाहीये असं धरून चालतो.

आता प्रश्न असा की मी गेली आठ वर्षं हेच करतोय, हँडब्रेक ओढूनच गाडी लावतो, आणि याहून कडक थंडी पण झालीये, उणे १५ वगैरे. तेव्हा कधी असं झालं नाही. मग कालच का?

भौतिकवाला · दुपारी १:४०

मला हाच प्रश्न आवडतो. उणे १५ ला बर्फ कोरडा असतो, पिठासारखा, चाकावर उडतो आणि झटकून जातो. घात करते ती शून्याच्या आसपासची थंडी. दिवसा एक-दोन अंश, रस्त्यावर सगळं ओलं, आणि रात्री धाडकन खाली. पाणी आधी शिरायला तर पाहिजे ना, मगच गोठणार.

त्यात ब्रेकची स्वतःची करामत. ब्रेक मारणं म्हणजे गाडीची गती उष्णतेत बदलणं, तर प्रवासात ड्रम चांगला तापलेला असतो. चाकाच्या आतल्या बाजूला चिकटलेला बर्फ त्या उष्णतेने वितळतो, पाणी फटीतून लायनरपर्यंत झिरपतं. तुम्ही घरी पोचता, हँडब्रेक ओढता, म्हणजे ओलं लायनर ओल्या ड्रमवर दाबून धरता, आणि झोपायला जाता. ड्रम निवतो, मधली पाण्याची पातळशी चकती गोठते. दाबून धरलेल्या दोन पृष्ठभागांमध्ये इतका पातळ थर गोठला की तो चिकटपट्टीचं काम करतो. केबलमध्ये वेगळी गंमत, तिथे पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि नळीत जागाच नसते, मग बर्फ पिळाला चहूबाजूंनी आवळून धरतो.

दुसरं, "पारा तर प्लस दोन होता तरी गोठलं" असं कुणी म्हणालं तर हसू नका. हवामानवाले तापमान मोजतात ते जमिनीपासून दीड-दोन मीटर उंचीवर. रात्र निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर जमीन आणि गाडीचा पत्रा आपली उष्णता आकाशाकडे फेकत राहतात आणि आजूबाजूच्या हवेपेक्षा काही अंशांनी गार होतात. गवतावर दंव गोठलेलं दिसतं आणि मोबाईलवर दोन अंश दिसतात, ते त्यामुळेच.

शंकासूर · दुपारी २:१५

हे सगळं ठीक. पण मग हँडब्रेक ओढायचाच नाही का? गाडी उतारावरून सुटून कुणाच्या अंगावर गेली तर भौतिकवाले येणार का साक्षीला?

रिकामटेकडी · दुपारी २:३१

मी पण विचारणारच होते. शिवाय माझ्या गाडीत हँडब्रेकच नाही, म्हणजे लिव्हर नाही, बटण आहे. इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक. गाडी बंद केली की आपोआप लागतो, मला कुणी विचारतच नाही. मागच्या हिवाळ्यात संध्याकाळी गाडी धुवून घेतली (हो माहितीये, मूर्खपणा) आणि सकाळी बटण दाबलं तर मागून घुर्रर्र आवाज आला, म्हणजे मोटर फिरली, पण चाक सुटलं नाही. मी परत दाबलं, परत लावलं, परत दाबलं, असं सात-आठदा केल्यावर पडद्यावर इशारा आला आणि बटणाने कामच बंद केलं. मला वाटलं जाळलं मी काहीतरी. दहा मिनिटांनी आपोआप परत चालू झालं.

दहाबाराचा_पाना · सोमवार, रात्री ८:१०

आत्ता मोकळा झालो. एकेक घेऊ.

ताई, तुमच्या गाडीत मागच्या कॅलिपरवरच (डिस्कला चिमट्यासारखा धरणारा भाग) छोटी मोटर बसवलेली असते, ती स्क्रू फिरवून पॅड डिस्कवर दाबते. केबलच नाही, त्यामुळे केबल गोठायचा प्रश्न मिटला, पण ओले पॅड डिस्कला चिकटायचे ते चिकटतातच. मोटर मागे फिरली तरी पॅड बर्फाने डिस्कला धरलेला राहतो, म्हणून तुम्हाला आवाज आला आणि चाक सुटलं नाही. काही गाड्यांत सारखं सारखं दाबलं की मोटर तापू नये म्हणून यंत्रणा थोडा वेळ स्वतःहून बटण बंद ठेवते, तुम्ही जाळलं काही नाही. अशा वेळी एकदा सोडून झालं की हलकेच रिव्हर्स, हलकेच पुढे, तेवढ्याने पॅड सुटतो, डिस्कचा चिकटलेला भाग ड्रमपेक्षा लहान असतो. आणि थंडीत बॅटरी अर्धमेली असेल तर मोटरला ताकद कमी पडते, तेव्हा आधी गाडी चालू करून मगच ब्रेक सोडायचा.

आपोआप लागणं बऱ्याच गाड्यांत बंद करता येतं. कुठे मेनूमध्ये असतं, कुठे गाडी बंद करताना बटण धरून ठेवावं लागतं. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, ग्लव्ह बॉक्समध्ये जे जाडजूड पुस्तक कुणी उघडत नाही त्यात लिहिलेलं असतं. मात्र काही इलेक्ट्रिक गाड्यांत पी (पार्किंग) दाबलं की हाच ब्रेक लागतो, गिअरबॉक्समध्ये वेगळं कुलूप नसतं, तिथे हा ब्रेक बंद ठेवून गाडी उभी करायचा विचारच सोडा. तिथे पाणी घालवूनच लावायचं, ते खाली लिहितो.

शंकासूर, तुमचा मुद्दा चुकीचा नाही. म्हणून मी कधीच सरसकट "हँडब्रेक ओढू नका" सांगत नाही. सपाट जागा, ओली गाडी, रात्री शून्याखाली जाणार, या तिन्ही गोष्टी जमल्या तर हँडब्रेक न ओढता पहिल्या गिअरमध्ये नाहीतर रिव्हर्समध्ये ठेवायची, ऑटोमॅटिक असेल तर पी, आणि चाकाला पुढून मागून ठोकळा. गिअरमध्ये ठेवली की चाकं फिरायला इंजिन फिरावं लागतं, आणि बंद इंजिन सिलिंडरमधल्या हवेच्या दाबामुळे सहजी फिरत नाही. न्यूट्रलला सोडून हँडब्रेकपण नाही असं केलंत तर मग साक्षीला मीच येईन, तुमच्या विरुद्ध.

चढउतारावर मात्र हँडब्रेक ओढायचा, गोठला तर गोठला. सकाळी वीस मिनिटं ड्रायर धरणं परवडलं. पुढची चाकंही वळवून ठेवायची, उताराकडे तोंड असेल तर फूटपाथच्या कडेकडे, चढाकडे तोंड असेल तर फूटपाथपासून उलट दिशेला, म्हणजे गाडी घरंगळलीच तर चाक कडेला टेकून थांबतं. ऑटोमॅटिकमध्ये पी म्हणजे गिअरबॉक्सच्या आत एक छोटा लोखंडी दात दातेरी चक्रात अडकतो. गाडीचा सगळा भार त्या दातावर टाकून उतारावर रात्रभर ठेवायची आणि सकाळी खाडकन पीमधून काढायची, हे त्याला आवडत नाही.

आता एक गोष्ट जी मी स्वतः बघितलीये. थंडीचे दिवस, एक पोरगा पुढचं पंक्चर चाक काढत होता. कुणीतरी सांगितलं होतं म्हणून हँडब्रेक ओढला नव्हता, गाडी पहिल्या गिअरला. पुढच्या चाकांची गाडी. जॅकवर एक पुढचं चाक उचललं, आणि ते हवेत गेल्या क्षणी गाडी सावकाश मागे सरकायला लागली. कारण गिअरने धरलेली होती पुढचीच दोन चाकं, आणि त्यांच्यामध्ये डिफरन्शियल असतं. एक चाक मोकळं झालं की ते उलटं फिरतं आणि जमिनीवरचं सुलटं फिरतं, इंजिन जागचं हलतसुद्धा नाही. जॅक तिरका झाला, गाडी खाली आपटली. पोरगा चाक काढायला वाकला होता, पाय आत नव्हता म्हणून वाचला. तेव्हा हँडब्रेक न ओढता लावलेली गाडी जॅकवर घ्यायची असेल तर आधी हँडब्रेक ओढा, आणि मागच्या चाकांना ठोकळे. पीमध्ये ठेवलेल्या ऑटोमॅटिकलाही हेच लागू.

मागचा_सीट · रात्री ८:२२

हे डिफरन्शियलचं मला आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं. दोनदा वाचलं.

लांबपल्ला · रात्री ९:४०

पाना बोलले पाणी घालवून लावायचं, ते मी सांगतो कारण आमचं रोजचं आहे. मुक्कामाच्या शेवटच्या किलोमीटरला, मागे कुणी नाही बघून, पायाचा ब्रेक हलका दाबून ठेवत यायचं, थांबायचं नाही, नुसतं लायनर ड्रमला घासत ठेवायचं. त्या उष्णतेने आतली ओल उडून जाते. पाच-सात वेळा थोडं थोडं. पण शेवटी तापवून लगेच बर्फाच्या ढिगात गाडी घालू नका, परत वितळून पाणी आत. ढीग सोडून लावा.

ट्रकचं गणित तुमच्या उलटं बरं का. आमच्याकडे पार्किंग ब्रेक स्प्रिंगने लागतो आणि हवेने सुटतो. हवा नसेल तर ब्रेक लागलेलाच. आता कॉम्प्रेसर बाहेरची हवा दाबतो, त्या हवेतली वाफ टाकीत पाणी होऊन साठते, ते वाल्व्हमध्ये जाऊन गोठलं की हवा पुढे जात नाही आणि ब्रेक सुटत नाही, सगळी गाडी जागेवर गच्च. म्हणून हवा वाळवायचा डबा असतो, त्याचं आतलं काडतूस वेळेवर बदलायचं आणि टाकीच्या खालच्या नळातून पाणी सोडायचं. मी रोज सोडतो. ज्या दिवशी कंटाळा करतो त्याच रात्री पारा पडतो, हा माझा अनुभव.

आणि ट्रेलरचे लायनर ड्रमला गोठणं हे तर ठरलेलं. हातोडी सीटमागे कायम. पण हातोडी मारायच्या आधी ठोकळे, हे पाना म्हणाले ते सोळा आणे खरं.

शंकासूर · मंगळवार, सकाळी १०:०५

पटलं बऱ्यापैकी. एक शेवटची शंका, गंज सोडवायचा तेलकट स्प्रे सगळ्यांकडे असतो, तो मारला ड्रममध्ये तर?

दहाबाराचा_पाना · सकाळी १०:३८

तर चाक कदाचित सुटेल आणि नंतर ब्रेक लागणार नाही. लायनर तेल पितं, एकदा प्यायलं की बदलावंच लागतं. काचेवरचा बर्फ काढायचा अल्कोहोलवाला स्प्रे वेगळा, तो केबलच्या टोकाला, बाहेरच्या सांध्यावर थोडासा मारला तर चालतो, उडून जातो. पण ड्रमच्या आत तोही ओतू नका. आणि मिठाचं पाणी कुणी सुचवायच्या आधीच नाही म्हणतो, आज बर्फ वितळेल आणि पुढच्या वर्षी तिथे गंज असेल.

गंजावरून आठवलं. दोन-तीन आठवडे ओलाव्यात उभी राहिलेली गाडी थंडी नसतानाही अशीच धरते, लायनर ड्रमला गंजाने चिकटतं. ते ड्रायरने सुटणार नाही. तिथे झोके देणं आणि ठोकणं, नाही सुटलं तर चाक काढून बघणं. दुपारी ऊन पडून सगळं वितळल्यावरही चाक धरलेलंच असेल तर समजा गंज आहे, नाहीतर केबल किंवा कॅलिपरचा हात अडकलाय.

आणि हे सगळं वाचून कुणी बारा महिने हँडब्रेकच सोडून देईल, तर तसंही नको. न वापरलेली केबल जागच्या जागी धरते. कोरड्या दिवसांत रोज ओढायचा.

निवांत · बुधवार, सकाळी ८:२०

कबुलीजबाब. आज माझंच मागचं चाक गोठलं. जुनी सवय, केटल. ओतलं, चाक सुटलं, मी मनात म्हटलं बघा पाना, मग समोरची काच खरवडायला लागलो, फोन आला, बोलण्यात पंधरा मिनिटं गेली. आत बसलो, गिअर टाकला, आणि चाक आधी होतं त्याच्या दुप्पट घट्ट. शिवाय टायर खालच्या बर्फाला चिकटला. शिवाय मी घसरून पडलो.

रिकामटेकडी · सकाळी ८:२४

लागलं का काका कुठे?

निवांत · सकाळी ८:२९

अहंकाराला. बाकी ठीक.

उशीर_झाला · शनिवार, संध्याकाळी ६:५०

सविस्तर लिहितो म्हणालो होतो. आज डावी केबल काढली, ओळखीचा एक मेकॅनिक सोबत होता. गाडीच्या खाली दोन्ही केबल एका आडव्या पट्टीला जोडलेल्या असतात, ती पट्टी दोन्हीकडे सारखी ओढ वाटते, आमची पट्टी चक्क तिरकी झाली होती, एक बाजू पुढे एक मागे. तो म्हणाला ही तिरकी दिसली की एक केबल मेली समजायची, टॉर्च घेऊन नुसतं वाकून बघितलं तरी कळतं.

केबलचं रबरी टोपण खालून अर्धा इंच फाटलेलं. म्हणजे चाकाने उडवलेलं पाणी थेट नळीत. काढलेली केबल मी बादलीवर उलटी धरली तर तपकिरी पाणी गळलं, चमचाभर असेल, आणि पीळ हाताने ओढून बघितला तर दाताखाली वाळू आल्यासारखा कचकच. आतलं प्लास्टिकचं अस्तर एका ठिकाणी तुटून गोळा झालं होतं. मी विचारलं ग्रीस भरून चालवू का, तर म्हणाला या अस्तरवाल्या केबलमध्ये ग्रीस भरायचं नसतं, थंडीत तेच घट्ट होऊन बसतं, आणि टोपण फाटलेलंच राहिलं तर पाणी येतच राहणार. दोन्ही बाजूंच्या नवीन टाकल्या, उजवीचं टोपणही चिरायला आलं होतं.

आधी लिव्हर अकरा खटक्यांवर धरायचा, आता सहावर धरतो. मला वाटत होतं लायनर झिजलंय म्हणून एवढा वर येतो. दोन वर्षं असंच वाटत होतं.

दहाबाराचा_पाना · संध्याकाळी ७:१५

छान काम केलंत. अकरा खटके हा निरोपच होता तुम्हाला. आता दोन-तीन आठवड्यांनी परत मोजा, नवीन केबल थोडी ताणते, एखाद-दुसरा खटका वाढला तर लिव्हरच्या बुडाशी नट असतो तिथून घेता येतो. मात्र फार घट्ट करू नका, लिव्हर पूर्ण खाली असताना मागचं चाक हाताने मोकळं फिरलंच पाहिजे.

मागचा_सीट · रात्री ८:०२

मग आता रात्री हँडब्रेक ओढता की नाही?

उशीर_झाला · रविवार, सकाळी ९:१०

कोरडं असेल तर ओढतो. काल रात्री ओलं होतं, उणे ४ सांगितलं होतं, म्हणून पहिल्या गिअरला लावली आणि पुढच्या चाकाला दोन्हीकडून लाकडी ठोकळे, अगदी शिस्तीत. सकाळी उठलो, चारही चाकं मोकळी, ब्रेक झकास.

मागचा ठोकळा मात्र जमिनीला गोठलाय. लाथ मारून पाय दुखावून घेतला.

निवांत · सकाळी ९:१४

पाना, त्याच्यावर तरी ओतू द्या की केटल.

दहाबाराचा_पाना · सकाळी ९:२०

बाजूने हातोडी मारा म्हणावं. केटल ठेवा आत.